थ्रोनब्रेकर खेळायला घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘थ्रोनब्रेकर: द विचर टेल्स’ मी दोनदा शेवटपर्यंत खेळले आहे आणि दिसेल त्याला सुचवत असते. सुचवलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. गोष्टीतला पहिल्या प्रदेशापलीकडचा धक्का कुठेही फोडलेला नाही, त्यामुळे निर्धास्त वाचा.

हा नेमका कसला गेम आहे?

एकट्याने खेळायचा, गोष्ट सांगणारा, पत्त्यांच्या लढायांचा गेम. तुम्ही मीव्ह नावाची राणी असता. लिरिया आणि रिव्हिया या जोडराज्याची ही राणी हागच्या किल्ल्यावर उत्तरेतल्या राजांची बैठक आटोपून घरी परतते, तर राज्यात लुटारूंच्या एका टोळीने धुमाकूळ घातलेला असतो. ती त्यांच्या बंदोबस्ताला निघते. तोवर दक्षिणेकडून निल्फगार्डचं साम्राज्य चालून येतं आणि लुटारूंचं प्रकरण किरकोळ वाटू लागतं.

वरून तिरकं दिसणाऱ्या, हाताने रंगवल्यासारख्या नकाशावर तुम्ही राणीला फिरवता, वाटेतलं सोनं-लाकूड उचलता, लोकांशी बोलता, निर्णय घेता. तलवारी उपसायची वेळ आली की पडदा बदलतो आणि पत्त्यांचा पट समोर येतो. लिरिया, एडर्न, महाकाम, अँग्रेन, रिव्हिया असे पाच प्रदेश आहेत. बाजूची कामं करत गेलात तर तीस तास सहज जातात. मला पहिल्यांदा त्याहून जास्त लागले, पण मी प्रत्येक झुडूप हलवून बघणाऱ्यांतली आहे.

विचरचे बाकीचे गेम खेळलेले नाहीत. काही कळेल का?

सगळं कळेल. विचर ही पोलिश कादंबऱ्यांवरून आलेली गेमांची मालिका, आणि राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट तिचा नायक. ही गोष्ट विचरच्या पहिल्या गेमच्याही आधी घडते आणि एक कथेकरी ती पहिल्यापासून सांगतो. गेराल्ट येतो, पण पाहुण्यासारखा. त्याच्यासाठी खेळायला बसाल तर हिरमोड होईल.

जाणकारांसाठी एक गंमत. ‘रिव्हियाचा गेराल्ट’ हे नाव गेराल्टने मुळात स्वतःच लावून घेतलेलं. मूळ पोलिश कादंबऱ्यांत त्याला रीतसर सरदारकी देऊन ते नाव खरं करते ती हीच मीव्ह. तिथे ती थोड्याच पानांत येते. इथे मात्र सगळा संसार तिचा.

पत्त्यांचे खेळ मला जमत नाहीत. तरी घेऊ का?

घ्या. रमीत कायम हरणाऱ्या माणसालाही हा जमतो, कारण इथे कुणाच्या हातात काय असेल याची स्मरणशक्ती लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर एवढं पुरतं.

दोन्ही बाजूंना दोन-दोन रांगा असतात, एक जवळून लढणाऱ्यांची आणि एक लांबून मारा करणाऱ्यांची. प्रत्येक पत्त्यावर त्याच्या ताकदीचा आकडा. आपल्या पाळीला एक पत्ता उतरवायचा. फेरी संपते तेव्हा ज्याच्या रांगांमधल्या आकड्यांची बेरीज मोठी, फेरी त्याची. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या की लढाई जिंकली. सुरुवातीला हातात दहा पत्ते असतात आणि पुढच्या फेऱ्यांना फक्त तीन-तीन नवे मिळतात. खरा खेळ या कंजुषीत आहे.

समजा पहिली फेरी चालू आहे. तुमची बेरीज ४४, समोरच्याची ३०, दोघांच्याही हातात पाच-पाच पत्ते. पुढचा झकास पत्ता टाकायला हात शिवशिवत असतो. तो टाकू नका, पास म्हणा, म्हणजे या फेरीत आणखी पत्ते टाकणं थांबवा. आता चौदाचा फरक भरून काढायला त्याला बहुधा दोन पत्ते खर्चावे लागतील. म्हणजे फेरी तो जिंकेल, पण पुढच्या फेरीत तुम्ही आठ पत्ते घेऊन बसाल आणि तो सहा. हरून पुढे जाण्याची ही चोरटी मजा एकदा कळली की हा खेळ तुम्हाला सोडत नाही.

बऱ्याच लढाया एकाच फेरीच्या असतात. तिथे ही पासची गणितं लागू होत नाहीत. हातात असेल ते ओतायचं.

पण तीस तास तेच? कंटाळा येत नाही?

रोज तेच असतं तर आला असता. इथे नियम सारखे वाकतात. एका लढाईत समोरचा विशिष्ट पत्ता मारला की बेरजेची पर्वाच उरत नाही, तर दुसऱ्या लढाईत आपल्या बाजूचा एखादा नाजूक पत्ता शेवटपर्यंत जगवायचा असतो. महाकामच्या डोंगरांत आणि अँग्रेनच्या दलदलीत प्रदेशच लढाईत उतरल्यासारखे वाटतात. अँग्रेनमध्ये गर्निकोरा नावाचं एक अजस्र प्रकरण तुमची वाट पाहत असतं. त्या लढाईत मी पहिले तीन डाव नुसती बघत राहिले की हे नक्की करतंय काय.

तरी खरं सांगायचं तर अँग्रेन मला लांबल्यासारखं वाटलं. तिथे एक-दोन साध्या चकमकी कमी असत्या तर बिघडलं नसतं.

नकाशावरची ती कोडी सोडवायलाच हवीत का?

खालच्या काठिण्यपातळ्यांवर सोडून देता येतात. पण देऊ नका! माझ्या मते या गेममधला सगळ्यात घोटीव भाग तोच आहे.

कोड्यात तुमचा स्वतःचा डेक, म्हणजे तुम्ही निवडून जुळवलेला पत्त्यांचा संच, चालत नाही. गेम ठरावीक पत्ते हातात देतो, समोर ठरावीक मांडणी ठेवतो आणि म्हणतो, एवढ्यात हे साधून दाखव. बुद्धिबळाच्या ‘तीन चालींत मात’ प्रकारासारखं. नशीब शून्य, त्यामुळे चिडायचं तर स्वतःवरच. माझी पद्धत अशी: पहिल्या प्रयत्नात जिंकायचा विचारच करायचा नाही. प्रत्येक पत्ता उगीच टाकून बघायचा, तो कोणाला ढकलतो, कोणाला जखमी करतो, कुठल्या क्रमाने करतो ते पाहायचं आणि मग पुन्हा सुरू करायचं. चुकलं तर शिक्षा काहीच नाही. बहुतेक वेळा अडकायला होतं ते क्रमामुळे. शेवटी टाकायचा वाटणारा भारीतला पत्ता पहिला टाकायचा असतो, असं निदान पाच-सहा वेळा माझ्या बाबतीत झालं.

शिवाय कोडी नकाशावर गोष्टीच्या पोशाखात येतात. कुणाचा तरी जीव वाचवायचा असतो, कुणाचा तरी मूर्खपणा निस्तरायचा असतो. मोठ्या लढाईनंतर असं एखादं कोडं मिळालं की जेवणानंतर बडीशेप मिळाल्यासारखं वाटतं.

गोष्ट खरंच चांगली आहे, की पत्त्यांना नुसतीच चिकटवलेली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचाही हाच आहे.

पत्त्यांच्या बहुतेक गेममध्ये पत्ता म्हणजे हत्यार. ताकद अमुक, किंमत तमुक, बाकी चित्र शोभेला. इथे पत्ता म्हणजे माणूस. रेनार्ड हा राणीचा निष्ठावंत सेनापती, तो गोष्टीत तुमच्या तंबूत उभा राहून सल्ला देतो आणि लढाईत पत्ता होऊन रांगेत येतो. ज्या गॅस्कॉनला पकडायला तुम्ही सुरुवातीला निघता, तोच पुढे तुमच्या बाजूने उतरतो. पहिल्या भेटीत तो जितका उद्धट, तितकीच त्याची नंतरची साथ गोड लागते. रेला आहे, जिचा एल्फ जमातीवरचा राग थंड होण्यातला नाही. इझबेल नावाची वैद्य जादूगारीण आहे. गॅबोर हा ‘ड्वार्फ’, म्हणजे बुटक्यांच्या जमातीतला आहे. ही मंडळी छावणीत एकमेकांशी वाद घालतात, मेसच्या तंबूत पीत बसतात, तुमच्या निर्णयांवर तोंड वाकडं करतात.

आणि ती सोडूनही जातात. तुम्ही घेतलेला एखादा निर्णय एखाद्याला इतका खुपतो की तो छावणी सोडतो. सोडतो म्हणजे त्याचा पत्ता डेकमधून नाहीसा होतो.

माझ्या पहिल्या खेपेला मी अख्खा डेक एका सोबत्याभोवती बांधला होता. नाव सांगत नाही. त्याचा पत्ता आला की बाकीचे पाच-सहा पत्ते त्याच्या आधाराने फुलत. एका गावात मी मनाला पटेल तो निर्णय घेतला. थोड्या वेळाने तो समोर आला, चार वाक्यं बोलला आणि गेला. पुढची लढाई सुरू झाली, पत्ते हातात आले, आणि माझ्याकडे नुसते सांगाडे होते. ज्याच्या जिवावर ते उभे राहायचे तोच नव्हता. मी ती लढाई हरले. माणूस गेल्याचं दुःख गोष्ट सांगते हे आपण नेहमी पाहतो. इथे ते तुमच्या हातातल्या पत्त्यांत दिसतं, आणि नंतर डेक नव्याने जुळवताना पुन्हा एकदा बोचतं.

नियमांतही हेच मुरवलेलं आहे. मीव्ह स्वतः रांगेत नसते, ती पटाच्या कडेला उभी राहून तिची खास शक्ती वापरते. लिरियाच्या काही सैनिकांवर ‘निष्ठावान’ या अर्थाचा शिक्का असतो. राणीने आपली शक्ती वापरली की पटावरचा प्रत्येक निष्ठावान पत्ता आपापलं काम करतो. राणीने हात उचलला आणि रांग हलली. एक अक्षर न बोलता राणी कशी असते ते कळतं.

निर्णयांचा खरंच परिणाम होतो, की सगळं फिरून तिथेच येतं?

दोन्ही. युद्धाचा मुख्य प्रवाह तुम्ही बदलू शकत नाही, नाहीतर पुढच्या गेमांचा इतिहासच कोसळेल. पण कोण सोबत राहतं, कोणाचं काय होतं, मागे काय ठेवून जाता हे बदलतं. शेवटाला जग कुठल्या अवस्थेत उरतं त्याच्या वीस वेगवेगळ्या शक्यता असल्याचं गेम येण्याआधीच जाहीर झालं होतं.

निर्णय क्वचितच सरळ असतात. निर्वासितांना धान्य द्यायचं तर सैन्य उपाशी. गुन्हेगाराला फाशी द्यायची तर उद्या लढायला एक हात कमी. सैन्याच्या मनोबलावरही परिणाम होतो. ते वर असेल तर लढाईत पत्त्यांची ताकद थोडी वाढते, खाली गेलं तर घटते.

माझी एक तक्रार आहे. काही वेळा दोन्ही पर्यायांचे भोग ठरवून वाईट ठेवल्यासारखे वाटतात. चार वेळा दया दाखवून चारही वेळा तोंडघशी पडलं की पाचव्या वेळी माणूस विचार करायचंच सोडतो.

कुठल्या काठिण्यपातळीवर खेळू?

पत्त्यांच्या गेमची थोडीही सवय असेल तर सरळ सगळ्यात वरच्या, ‘बोनब्रेकर’वर. कारण पुढच्या उत्तरात. फक्त गोष्ट हवी असेल तर सोपी पातळी घ्या, तिथे लढाया चक्क वगळता येतात. याची लाज वाटून घेऊ नका. पण सगळ्याच वगळू नका, नाहीतर वर सांगितलेली पत्ता गमावल्याची कळ तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

मोठा दोष कोणता?

तोल. मधल्या टप्प्यावर कधीतरी तुमच्या हाती असं एखादं जुळणारं त्रिकूट लागतं, की पुढच्या साध्या लढाया दोन-तीन पत्त्यांतच निकालात निघतात. मला एडर्न संपता संपता असा डेक जमला आणि महाकाममध्ये मी अक्षरशः झोपेत जिंकत होते. समोरचा संगणकही पासच्या डावपेचांत फार हुशार नाही. पुढे असताना उगाच पत्ते उधळतो.

यावर उपाय आपल्याच हातात. मी नंतर स्वतःवर नियम घातला: प्रत्येक नव्या प्रदेशात डेकमधले निदान सहा पत्ते बदलायचे. डेक किमान पंचवीस पत्त्यांचा लागतो, त्यामुळे सहा बदलले की घडी विस्कटते आणि पुन्हा डोकं चालवावं लागतं. गेमने हे स्वतः करायला लावायला हवं होतं, ते खरं.

सोनं, लाकूड, माणसं जपून वापरायची का?

पहिल्या दोन प्रदेशांत थोडं जपून. छावणीतली कामं आणि नवे पत्ते, दोन्ही याच साठ्यातून होतात. पुढे इतकं साठतं की काय करायचं कळत नाही. वाटेवरचे ढिगारे उचलत राहिलात की झालं.

इंग्रजी किती लागतं?

बऱ्यापैकी. मराठी अर्थातच नाही. संवाद बहुतांशी आवाजात आहेत आणि नाट्यमय बोललेले आहेत, पण वर्णनं, पत्रं, निर्णयांचे पर्याय वाचावे लागतात. भाषा किंचित जुन्या वळणाची, दरबारी. घाई केलीत तर निर्णय चुकतील आणि दोष स्वतःलाच द्यावा लागेल. पोलिश येत असेल तर पोलिश आवाज लावा. मला येत नाही, तरी एक प्रदेश मी तसा खेळले. राणीचा संताप भाषेविनाही पोचतो.

कशावर चालतो?

पीसीवर २०१८च्या ऑक्टोबरात गॉग या ऑनलाइन दुकानात आला, नोव्हेंबरात स्टीम या दुसऱ्या दुकानात. त्याच डिसेंबरात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, २०२०मध्ये निन्टेन्डो स्विच आणि आयफोन-आयपॅड, २०२१मध्ये अँड्रॉइड. पत्त्यांवरची अक्षरं बारीक आहेत, म्हणून छोट्या फोनवर मी सुचवणार नाही. टॅबलेटवर मात्र मस्त. बोटाने पत्ता ओढून रांगेत ठेवण्यात माउसपेक्षा जास्त मजा आहे.

आत आणखी पैसे मागतो का? पत्त्यांची पाकिटं वगैरे?

नाही. एकदा घेतला की सगळे पत्ते खेळूनच मिळतात.

हा तर ग्वेंटच ना?

ग्वेंटचा मुलगा म्हणा, पण वेगळ्या स्वभावाचा. ग्वेंट २०१५च्या ‘विचर ३’मध्ये खानावळीतला फावल्या वेळचा खेळ होता. लोकांनी जग वाचवायचं सोडून तोच खेळायला घेतला, मग त्याचा स्वतंत्र ऑनलाइन गेम झाला. थ्रोनब्रेकर आधी त्या ऑनलाइन ग्वेंटमधला एकट्याने खेळायचा भाग म्हणून ठरला होता. तो फुगत गेला आणि शेवटी वेगळा गेम म्हणून आला.

रांगा, फेऱ्या, पास हे सगळं तेच, पण इथले पत्ते आणि त्यांची ताकद वेगळी. इथे सम्राट होऊन तिथे गेलात तर पहिल्या आठवड्यात मार खाल. ऑनलाइन ग्वेंटमध्ये २०२३नंतर नवे पत्ते येणं थांबलं आहे आणि पत्त्यांची ताकद कमी-जास्त करायचं काम खेळाडूंच्या मतदानावर सोपवलेलं आहे.

इतका चांगला आहे तर गाजला का नाही?

जाणकारांनी कौतुक केलं, विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. हे निर्मात्यांनीच कबूल केलं होतं. माझा अंदाज असा, की विचर म्हटल्यावर लोकांना तलवार हवी होती, पत्ते नको होते, आणि पत्तेवाल्यांना तीस तासांची गोष्ट नको होती. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांचं असं होतं.

मुलांना देऊ का?

लहान मुलांना नको. रक्त फार दिसत नाही, चित्रं कॉमिक्ससारखी आहेत, त्यामुळे फसायला होतं. आतला मजकूर मात्र युद्धाचा आहे. कत्तली, जाळलेली गावं, वंशद्वेष. मोठ्या वयाच्या मुलांसोबत बसून खेळलात तर बोलायला विषय भरपूर मिळतील.

हा संपला. आता असंच काय खेळू?

‘असंच’ म्हणजे काय हवं त्यावर आहे. पत्ते हवेत आणि गोष्ट दुय्यम चालेल तर ‘स्ले द स्पायर’. प्रत्येक खेप नवी, हरलात की पहिल्यापासून. अंगावर काटा हवा असेल तर २०२१चा ‘इनस्क्रिप्शन’, आणि त्याच्याबद्दल आधी काहीही वाचू नका. हलकंफुलकं हवं असेल तर २०१९चा ‘स्टीमवर्ल्ड क्वेस्ट’. सगळं जगच पत्त्यांचं हवं असेल, नकाशा, माणसं, संवाद, सगळं, तर ‘व्हॉइस ऑफ कार्ड्स’. तो संथ आहे, झोपण्याआधी खेळण्याजोगा. छावणीतली माणसं आणि त्यांच्या जाण्याने रिकामा होणारा हात मात्र मला यातल्या कशातच मिळाला नाही.

दुसऱ्यांदा खेळण्यासारखा आहे का?

कोडी दुसऱ्यांदा पाठ झालेली असतात, तेवढा भाग फिका पडतो. मी खेळले ते त्या निघून गेलेल्या सोबत्यासाठी. या खेपेला त्या गावात मी उलट निर्णय घेतला, मनाविरुद्ध. तो राहिला, त्याचा पत्ता राहिला, डेक शेवटपर्यंत टिकला. पुढच्या प्रदेशात इझबेल निघून गेली.